नोटर डेम, 1924: चार घोडेस्वार, सात खच्चरं आणि एक अजिंक्य हंगाम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा इतिहास वाचायला घेतला की 1924च्या नोटर डेम संघाशी गाठ पडतेच. या संघाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल, लागेल तेवढं सांगितलं आहे.

हा हंगाम नेमका कोणता आणि त्यात काय झालं?

इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ आहे. त्याच्या संघाने 4 ऑक्टोबर 1924 ते 1 जानेवारी 1925 या काळात दहा सामने खेळले आणि दहाही जिंकले. स्वतः 285 गुण केले, प्रतिस्पर्ध्यांना मिळून 54 दिले. प्रशिक्षक होते क्नूट रॉकनी. नॉर्वेतल्या व्हॉस गावी जन्मलेले रॉकनी पाच वर्षांचे असताना शिकागोला आले. पुढे टपाल खात्यात नोकरी करून पैसे साठवले आणि मग बऱ्याच उशिरा कॉलेजात दाखल झाले. नोटर डेममध्ये ते रसायनशास्त्रही शिकवत. 1918 साली मुख्य प्रशिक्षक झाले, पण राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणता येईल असं त्यांचं पहिलं यश 1924चं.

हा आपला फुटबॉल नव्हे, बरोबर?

बरोबर. हा लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. मैदान 100 यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि त्यानंतरच्या किकचा एक.

1924चा खेळ मात्र आज टीव्हीवर दिसतो तसा नव्हता. चेंडू जास्त फुगीर होता, त्यामुळे लांब पास देणं अवघड. डोक्यावर चामड्याची टोपी, तोंडासमोर जाळी नाही. आक्रमणाचा आणि बचावाचा वेगळा संघ ही कल्पनाच नव्हती, अकरा जण दोन्ही कामं करायचे. बाहेर गेलेल्याला वाटेल तेव्हा परत येता येत नसे. त्यामुळे दुखापत झाली तरी मुलं दात आवळून मैदानात थांबायची. पुढे वाचताना हे लक्षात असू द्या.

चार घोडेस्वार म्हणजे कोण?

लाइनच्या, म्हणजे समोरच्यांशी भिडणाऱ्या पुढच्या रांगेच्या, मागे उभे राहून चेंडू घेऊन पळणारे चौघे. क्वार्टरबॅक हॅरी स्टूलड्रेअर ओहायोतल्या मॅसिलनचा. हाफबॅक दोन, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेचा जिम क्राउली आणि ओहायोतल्या डिफायन्सचा डॉन मिलर. फुलबॅक एल्मर लेडन आयोवातल्या डेव्हनपोर्टचा. चौघेही मोठ्या शहरांबाहेरून आलेले.

अंगापिंडाने हे अगदीच बेताचे होते. सरासरी वजन साधारण 160 पौंड, म्हणजे 72 ते 73 किलो. स्टूलड्रेअर तर 70 किलोंच्याही आत. 1922च्या हंगामात फुलबॅक पॉल कॅस्टनर जायबंदी झाला, तेव्हा रॉकनींनी हाफबॅक लेडनला त्याच्या जागी आणलं आणि ही चौकडी जमली. तिथून पदवी मिळेपर्यंत ती दोनदाच हरली, दोन्ही वेळा नेब्रास्काकडून आणि दोन्ही वेळा नेब्रास्काच्या लिंकन शहरात: 1922 साली 14-6, 1923 साली 14-7.

हे नाव कोणी दिलं?

18 ऑक्टोबर 1924, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स स्टेडियम, समोर आर्मी म्हणजे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. सुमारे 55,000 प्रेक्षक. लेडन आणि क्राउलीने एकेक टचडाउन केला आणि नोटर डेमने सामना 13-7 असा जिंकला. सामना चांगला झाला, पण शंभर वर्षं लक्षात राहावा असा नव्हता. तो लक्षात राहिला क्रीडा पत्रकार ग्रँटलंड राइस यांच्यामुळे. ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मधल्या वृत्तांताची सुरुवातच त्यांनी ऑक्टोबरच्या निळ्या-करड्या आभाळाखालून दौडत आलेल्या चार घोडेस्वारांनी केली. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात जगावर संकटं घेऊन येणारे चार स्वार आहेत. राइस यांनी दुष्काळ, रोगराई, विनाश, मृत्यू अशी त्यांची नावं घेतली आणि ही नुसती टोपणनावं आहेत, खरी नावं स्टूलड्रेअर, मिलर, क्राउली आणि लेडन, असं लिहिलं.

ही उपमा मुळात सुचवली एका विद्यार्थ्याने. जॉर्ज स्ट्रिकलर हा रॉकनींसाठी प्रसिद्धीचं काम करणारा मुलगा. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा 1921चा ‘द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स’ हा मूकपट त्याच्या डोक्यात ताजा होता. मध्यंतरात पत्रकारांच्या घोळक्यात तो बोलून गेला, की हे चौघे अगदी त्या स्वारांसारखे आहेत. राइस यांनी ते ऐकलं.

मला स्ट्रिकलरचं खरं कर्तृत्व वाटतं ते त्याच्या पुढचं. लेख छापून आल्याबरोबर त्याने साउथ बेंडमध्ये चार घोड्यांची सोय केली, चौघांना खेळाच्या पोशाखात, काखेत चेंडू देऊन त्यांच्यावर बसवलं आणि फोटो काढून घेतला. तो देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. राइस यांचं वाक्य वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी तो फोटो पाहिला.

आर्मीच्या सामन्याच्याच दिवशी इलिनॉयमध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या रेड ग्रेंजने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले होते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या दोन सर्वांत प्रसिद्ध दंतकथांची तारीख एकच आहे.

म्हणजे सगळी करामत लेखाची आणि फोटोचीच?

नाही. हा आक्षेप नेहमी येतो आणि तो मला अजिबात पटत नाही. लेखाने नाव दिलं. दहा सामने जिंकण्यामागे वेगळीच तयारी होती.

रॉकनींच्या खेळाचा गाभा म्हणजे ‘शिफ्ट’. मागचे चौघे आधी एका रचनेत उभे राहायचे. इशारा झाला की तालात, एकदम, दुसऱ्या रचनेत सरकायचे आणि त्यांचे पाय टेकतात न टेकतात तोच चेंडू सुटायचा. बचावातल्या खेळाडूला कोण कुठे आलंय हे कळेपर्यंत चेंडूवाला शेजारून निघून गेलेला असे. कबड्डीत चढाईवाल्याने पकडणाऱ्याचा तोल चुकीच्या पायावर आणला, की पुढे ताकदीचा प्रश्नच उरत नाही. इथेही तेच. 70 किलोच्या पोराला 90 किलोच्या गड्याशी झोंबावंच लागू नये, अशी ती सगळी आखणी होती. ती इतकी परिणामकारक ठरली, की 1927 साली नियमच बदलला: सरकल्यावर चेंडू सुटण्याआधी पूर्ण एक सेकंद स्थिर थांबणं सक्तीचं झालं.

दुसरी युक्ती होती ‘शॉक ट्रूप्स’ची. रॉकनी बऱ्याचदा सामन्याची सुरुवात दुसऱ्या फळीने करायचे. ती फळी समोरच्यांना दमवायची आणि पहिली फळी बाहेर बसून त्यांचा खेळ न्याहाळायची. मग ताजेतवाने घोडेस्वार मैदानात उतरायचे.

सात खच्चरं कोण?

हा प्रश्न कमी लोक विचारतात. खरं तर तोच आधी विचारायला हवा.

घोडेस्वारांच्या पुढे, वाट मोकळी करून देणारी सात जणांची लाइन: सेंटर आणि कर्णधार अ‍ॅडम वॉल्श, गार्ड नोबल कायझर आणि जॉन वायबल, टॅकल जो बाक आणि एडगर ‘रिप’ मिलर, एंड एड हन्सिंगर आणि चक कॉलिन्स. चौघांचं कौतुक सुरू झालं तशी या सातांना ‘सेव्हन म्यूल्स’, सात खच्चरं, असं नाव चिकटलं. ओझं यांनी वाहिलं आणि फोटोत ते कुठेच नाहीत.

वॉल्शचं एकच उदाहरण घ्या. आर्मीच्या सामन्यात त्याच्यासमोर एड गार्बिश होता, आर्मीचा कर्णधार आणि देशातल्या नावाजलेल्या सेंटरपैकी एक. सेंटरचं काम म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागच्याच्या हातात अचूक पाठवायचा आणि त्याच क्षणी समोरच्याला छातीने अडवायचं. वॉल्शचे दोन्ही हात मोडलेले होते. तशाच हातांनी तो चेंडू मागे देत राहिला आणि शेवटी शेवटी आर्मीचा एक पास त्याने मधल्यामध्ये झेललाही. राइस यांच्या वृत्तांतातलं आभाळ सगळ्यांना पाठ आहे. त्या सामन्यातलं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे.

संघातच एकदा मतदान झालं म्हणतात, घोडेस्वार महत्त्वाचे की खच्चरं? निकाल खच्चरांच्या बाजूने लागला, सात विरुद्ध चार. गोष्ट गमतीची आहे, पण संघातलं वातावरण त्यातून नेमकं कळतं.

दहाही सामन्यांचे निकाल सांगाल?

लॉम्बार्ड 40-0 आणि वॉबॅश 34-0, हे दोन सरावासारखेच. मग आर्मी 13-7. पुढच्याच शनिवारी प्रिन्स्टनला त्यांच्या मैदानावर 12-0, दोन्ही टचडाउन क्राउलीचे. घरी जॉर्जिया टेक 34-3, मॅडिसनला जाऊन विस्कॉन्सिन 38-3.

त्यानंतर 15 नोव्हेंबरला नेब्रास्का, ज्यांनी या पोरांना दोनदा रडवलं होतं. या वेळी सामना साउथ बेंडमध्ये होता आणि निकाल 34-6. संघातल्या अनेकांसाठी हंगामातला सर्वांत जिव्हाळ्याचा सामना हाच असणार.

शिकागोच्या नव्याकोऱ्या स्टेडियमवर (आजचं सोल्जर फील्ड) नॉर्थवेस्टर्नने मात्र घाम फोडला. राल्फ बेकरच्या दोन फील्ड गोलांनी (चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारला की तीन गुण) नोटर डेम 0-6 असं मागे पडलं होतं, शेवटी 13-6 असं सुटलं. कार्नेगी टेक 40-19. आणि मग पॅसाडीना.

रोझ बोलमध्ये काय घडलं?

रोझ बोल म्हणजे हंगाम संपल्यावर नववर्षाला होणारा मानाचा सामना. 1 जानेवारी 1925, कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना, समोर स्टॅनफर्ड. त्यांचाही हंगामात एकही पराभव नव्हता, फक्त एक बरोबरी. प्रशिक्षक पॉप वॉर्नर, त्या काळातले रॉकनींच्या तोडीचे डोके.

नोटर डेमचा संघ रेल्वेने मुद्दाम दक्षिणेच्या लांबच्या वाटेने निघाला, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, ट्यूसॉन असे मुक्काम करत. इंडियानाच्या बर्फातून थेट कॅलिफोर्नियाच्या उन्हात उतरलं तर पोरं धापा टाकतील, ही रॉकनींची काळजी. वाटेतल्या गावांतले कॅथलिक लोक संघाच्या स्वागताला यायचे.

सामन्याचे आकडे पाहिले तर वाटेल स्टॅनफर्ड जिंकलं असणार. यार्ड त्यांचे जास्त. त्यांचा फुलबॅक एर्नी नेव्हर्स त्याच हंगामात दोन्ही घोटे मोडून बसला होता. ते नुकते कुठे सांधले होते आणि तरी गड्याने 34 वेळा चेंडू घेऊन 114 यार्ड काढले. दुसऱ्या संघातला असला तरी त्या दिवशी मैदानावर त्याच्याइतका झुंजला कोणीच नाही.

पण स्टॅनफर्डच्या चुका महागात पडल्या. सुरुवातीला 3-0 अशी आघाडी त्यांची. मग लेडनने रेषेजवळून एक टचडाउन केला. पुढे त्याने नेव्हर्सचा पास मधल्यामध्ये पकडला आणि 78 यार्ड पळत गेला. उत्तरार्धात पंट (समोरच्यांकडे लाथेने लांब मारलेला चेंडू) झेलताना स्टॅनफर्डच्या हातून चेंडू निसटला, तो एड हन्सिंगरने, एका खच्चराने, उचलला आणि टचडाउन केला. 20-3. स्टॅनफर्डने एक टचडाउन परत केला, पुन्हा रेटा लावत अगदी रेषेपर्यंत आले, आणि चौथ्या प्रयत्नात नेव्हर्स रेषेवरच अडवला गेला. तो पलीकडे पोहोचला होता असं स्टॅनफर्डची मंडळी पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. पंचांनी नाही म्हटलं. शेवटी लेडनने आणखी एक पास पकडून 70 यार्डांची धाव घेतली. 27-10.

या हंगामाचा कू क्लक्स क्लॅनशी काय संबंध?

खूप जवळचा. हा भाग वगळला तर या संघाचं अमेरिकेत इतकं कौतुक का झालं हेच समजत नाही.

क्लॅन म्हणजे गोऱ्या प्रोटेस्टंटांचं वर्चस्व मागणारी, झगे-बुरखे घालून दहशत पसरवणारी संघटना. 1920च्या दशकात इंडियाना हे तिचं बलाढ्य राज्य होतं. अभ्यासकांच्या अंदाजाने तिथे अडीच लाखांच्या आसपास सभासद होते. इंडियानात त्यांचा रोख कृष्णवर्णीय आणि ज्यूंबरोबरच कॅथलिकांवर आणि स्थलांतरितांवर होता. आयरिश, पोलिश, इटालियन घरांतली मुलं जिथे शिकायची ते नोटर डेम त्यांच्या डोळ्यांत सलणारच.

17 मे 1924 रोजी क्लॅनने साउथ बेंडमध्ये मेळावा ठेवला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गाड्यांतून, रेल्वेतून आलेल्या क्लॅनवाल्यांचे झगे आणि बुरखे ओढून काढले, त्यांच्या कार्यालयातल्या लाल दिव्यांच्या क्रॉसवर शेजारच्या वाणसामानाच्या दुकानातले बटाटे भिरकावले. दोन दिवसांनी पुन्हा चकमक झाली. तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श स्वतः गावात आले, न्यायालयाजवळच्या स्मारकावर उभं राहून बोलले आणि मुलांना परत घेऊन गेले. आणखी मारामारी झाली असती तर हे कॅथलिक गुंड आहेत म्हणायला क्लॅनला आयतंच कोलीत मिळालं असतं. फादर वॉल्श यांनी ते ओळखलं.

हंगाम सुरू झाला तो त्यानंतर पाच महिन्यांच्या आत. जॉर्जिया टेक आणि विस्कॉन्सिन या सामन्यांच्या मधल्या आठवड्यात, 4 नोव्हेंबरला, क्लॅनच्या पाठिंब्यावर उभे असलेले एड जॅक्सन इंडियानाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्या आठवड्यात साउथ बेंडच्या कॅथलिक घरांत शनिवारच्या निकालाची वाट कशी पाहिली गेली असेल, कल्पना करा. शिकागोतल्या कसाईखान्यात राबणारे, पेनसिल्व्हेनियाच्या खाणींत उतरणारे, न्यूयॉर्कचे भुयारी रेल्वेवाले, ज्यांनी कॉलेजचं फाटकही पाहिलं नव्हतं, त्यांचा हा संघ झाला. पुढे त्यांना ‘सबवे अ‍ॅलम्नाय’, म्हणजे भुयारी रेल्वेतले माजी विद्यार्थी, असंच नाव पडलं.

मग नोटर डेमचं दार सगळ्यांना उघडं होतं का?

नव्हतं, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे दाखल झाला 1944 साली, म्हणजे या हंगामानंतर वीस वर्षांनी. पदवी अभ्यासक्रमाला मुलींना प्रवेश मिळायला 1972 उजाडलं. क्लॅनच्या विरोधात उभं राहणं आणि स्वतःच्या आवारात भेद पाळणं, दोन्ही एकाच ठिकाणी चाललं होतं.

राष्ट्रीय अजिंक्यपद कोणी दिलं?

त्या काळी अंतिम सामना नव्हता आणि पत्रकारांची नियमित क्रमवारीही नव्हती, ती 1936 साली सुरू झाली. 1926 साली इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी गुणांची एक पद्धत तयार केली. ती मागे 1924पासून लागू करा, असा आग्रह रॉकनींनी धरला आणि त्यानुसार 1924चं मानचिन्ह नोटर डेमला मिळालं. नंतरच्या बहुतेक निवड मंडळांनीही त्यांनाच कौल दिला. एका निवडकर्त्याच्या आधारे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठही 1924वर हक्क सांगतं. माझ्या मते वादाला फार जागा नाही. पूर्वेकडची, दक्षिणेतली, मध्यपश्चिमेतली आणि शेवटी पश्चिम किनाऱ्यावरची तगडी नावं एकाच हंगामात हरवणारा दुसरा संघ त्या वर्षी नव्हता.

नंतर नोटर डेम रोझ बोलमध्ये का दिसलं नाही?

विद्यापीठाने हंगामानंतरच्या सामन्यांना जाणंच बंद केलं. इतका लांबचा प्रवास आणि बुडणारा अभ्यास ही त्यामागची कारणं. 45 वर्षांनी, 1 जानेवारी 1970 रोजी, डॅलसच्या कॉटन बोलमध्ये हा संघ पुन्हा अशा सामन्यात उतरला आणि टेक्सासकडून 21-17 असा हरला.

हे खेळाडू पुढे काय झाले?

बहुतेक जण प्रशिक्षक झाले. रॉकनींच्या पद्धतीचा प्रसार देशभर झाला तो यांच्यामुळेच. लेडन नोटर डेमलाच मुख्य प्रशिक्षक झाला आणि 1941 ते 1946 या काळात व्यावसायिक लीगचा, एनएफएलचा, आयुक्त होता. स्टूलड्रेअरने व्हिलानोव्हा आणि विस्कॉन्सिन सांभाळलं. डॉन मिलर वकिलीत गेला आणि क्लीव्हलंडमध्ये सरकारी वकील झाला. क्राउलीने फोर्डम विद्यापीठात घडवलेली लाइन ‘सेव्हन ब्लॉक्स ऑफ ग्रॅनाइट’ म्हणून गाजली. त्या लाइनमधला एक गार्ड विन्स लोंबार्डी. पुढे ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचे महान प्रशिक्षक झाले ते हेच. क्राउली स्वतः ग्रीन बेचा, हा योगायोग छान आहे.

खच्चरांचंही सांगायलाच हवं. अ‍ॅडम वॉल्श यांनी 1945 साली क्लीव्हलंड रॅम्सना एनएफएलचं अजिंक्यपद मिळवून दिलं. कायझर इंडियानातल्या परड्यू विद्यापीठाला, रिप मिलर नौदल अकादमीला, जो बाक पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाला प्रशिक्षक झाले.

रॉकनी 31 मार्च 1931 रोजी कॅन्ससमधल्या बझारजवळ विमान अपघातात गेले, वयाच्या 43व्या वर्षी. तेरा हंगामांत 105 विजय, 12 पराभव, 5 बरोबरी.

आज यातलं काय पाहायला मिळतं?

परड्यू किंवा शिकागो परिसरात शिकणारी, नोकरी करणारी मराठी मुलंमुली बरीच आहेत. त्यांच्यासाठी साउथ बेंड एका दिवसाची सहल आहे, शिकागोहून साउथ शोअर रेल्वे थेट जाते. 1924 साली सामने व्हायचे ते कार्टियर फील्ड आता नाही. आजचं स्टेडियम 1930 साली उघडलं आणि कार्टियर फील्डवरची हिरवळ रॉकनींनी तिथे आणून लावून घेतली होती. शनिवारी सामना असेल तर गर्दी आणि तिकिटांचे दर दोन्ही चढे असतात. नुसता परिसर, सोनेरी घुमट आणि रॉकनींचा पुतळा पाहायचा असेल तर सामना नसलेला दिवस निवडा. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स 1964 साली पाडलं. पॅसाडीनाचं रोझ बोल स्टेडियम जागेवर आहे आणि तिथे अजूनही 1 जानेवारीला सामना होतो.